दोष खोलीचा, शिक्षा ॲम्पला

दिवाळीचा बोनस हातात पडला की सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतल्या आणि मुसळगावच्या वसाहतीतल्या हौशी मंडळींत एक चर्चा हमखास रंगते: यंदा ॲम्प बदलायचा. स्पीकर बरे आहेत, गाणीही चांगली आहेत, मग आवाजात मजा का नाही? ॲम्प हलका आहे म्हणून. नाशिकला जाऊन नवा आणायचा, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणाचा तरी जुना जपानी सेट उचलायचा. मग म्हणे आवाज ‘उघडतो’, ‘पडदा दूर होतो’, गायक ‘समोर येऊन बसतो’. हे सगळं इतक्या ठामपणे सांगितलं जातं की शंका काढणाऱ्याच्याच कानांत काहीतरी बिघाड असावा असं वाटू लागतं.

तरी शंका काढतो. चालू स्थितीतला, हव्या त्या पातळीला आवाज न फाटू देणारा कुठलाही बरा ट्रान्झिस्टर ॲम्प घ्या. तो काढून त्याच्या जागी दहापट किमतीचा ॲम्प ठेवला, तरी सिन्नरच्या दिवाणखान्यात कानाला ऐकू येणारा आवाज सुधारत नाही. आवाज वाईट असेल तर त्याची कारणं बहुतेक वेळा स्पीकरमध्ये, स्पीकरच्या जागेत आणि खोलीत असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा खर्च आहे.

ॲम्पचं काम एकच. आलेला सिग्नल जसाच्या तसा मोठा करून स्पीकरला द्यायचा; आपलं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. हे कोडं इंजिनिअर लोकांनी केव्हाच सोडवलं. साध्या ब्रँडेड ॲम्पची विकृती, म्हणजे मूळ सिग्नलमध्ये नसलेली भर, टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. माणसाला ऐकू येणाऱ्या २० ते २०,००० हर्ट्झच्या पट्ट्यात त्याचा चढउतार अर्ध्या डेसिबलच्या आत राहतो. आता स्पीकरकडे बघा. चांगल्या कंपनीचा स्पीकर प्रयोगशाळेतल्या प्रतिध्वनी नसलेल्या खोलीतही अधिकउणे ३ डेसिबल हलतो, आणि खालच्या सुरांत जोरात वाजवला की त्याची विकृती सहज एक टक्क्यावर जाते. ती ॲम्पच्या शंभरपट झाली. शिवाय ज्या ध्वनिमुद्रणांवर आपला जीव आहे त्यांचं काय? जुन्या मैफलींच्या कॅसेटमध्ये गाणं आणि खरखर यांच्यातलं अंतर पन्नास-पंचावन्न डेसिबल, एलपीत साठ-पासष्ट. ॲम्प मात्र नव्वदच्या पुढे. साखळीतली सगळ्यात मजबूत कडी बदलून साखळी मजबूत होत नसते.

आता खोलीकडे येऊ. सिन्नरमध्ये गेल्या पंचवीस-तीस वर्षांत प्लॉटवर बांधलेल्या घरांतला नेहमीचा हॉल डोळ्यांपुढे आणा. १६ बाय १०, स्लॅबची उंची १० फूट. खाली टाइल्स, भिंतींना प्लॅस्टर आणि वर रंग, एका बाजूला शोकेस, समोरच्या भिंतीला टेकवलेला सोफा. एक स्पीकर शोकेसच्या कप्प्यात देवाच्या तसबिरीशेजारी, दुसरा फ्रिजवर, त्याचं तोंड सीलिंग फॅनकडे. बेस वाढवला की शोकेसच्या काचा थरथरतात आणि आतले कप बशीवर किणकिणतात. या खोलीत नवा ॲम्प आणून ठेवला तर तो त्या काचाच जास्त इमानदारीने वाजवणार.

गणित मांडून बघू. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. दोन समांतर भिंतींच्या मध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते, तो सूर खोली आपणहून धरून ठेवते. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. ३४५ भागिले ६.१, उत्तर साडेछप्पन्न हर्ट्झ. रुंदी दहा फूट आणि उंचीही दहा फूट, म्हणून हा सूर आडवा आणि उभा असा दोन्ही दिशांनी एकदम घुमतो. १६ फुटांच्या लांबीत पहिला सूर ३५ हर्ट्झचा, दुसरा सुमारे ७० चा. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो, आणि त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे जवळजवळ ७०. तंबोऱ्याचा पाया आणि खोलीचा हट्ट नेमके एकाच ठिकाणी गाठ पडतात.

याचा परिणाम असा, की मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसलात तर खर्ज फुगून येतो आणि त्याखाली मधल्या सुरांचा बारकावा दबतो. तोच सोफा चार फूट पुढे ओढलात, म्हणजे लांबीच्या चौथ्या हिश्शावर आलात, तर तोच सूर बराच पातळ होतो. पटत नसेल तर मोबाइलवर टोन काढणारं फुकटातलं ॲप घ्या, ७० हर्ट्झचा सूर सेटवर लावा आणि हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चाला. सूर भिंतीपाशी छातीवर येतो, चार फुटांवर विरतो, मध्यावर पुन्हा उभा राहतो. बसण्याच्या दोन जागांमध्ये दहा-पंधरा डेसिबलचा फरक पडणं ही या पट्ट्यात रोजचीच गोष्ट. ॲम्पच्या अर्ध्या डेसिबलवर रात्र रात्र वाद घालणारे लोक या पंधरा डेसिबलवर बसून चहा पितात.

खोलीचा हा अधिकार सिन्नरकरांना कुणी वेगळा शिकवायला नको. गोंदेश्वराच्या मंदिरात जा. यादवकाळातलं हे पंचायतन, मधोमध महादेव आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळं. मुख्य देवळाच्या दगडी सभामंडपात उभं राहून एक टाळी वाजवा, मग बाहेर उघड्या जोत्यावर येऊन तशीच दुसरी वाजवा. हात तेच, जोर तोच. आतली टाळी दगडाला लागून परत येते, बाहेरची वाऱ्यावर जाते. हा फरक हात बदलून कुणी भरून काढू शकेल का? घरच्या हॉलमध्ये मात्र आपण नेमका तोच प्रयत्न करत असतो.

याचं शास्त्रही सव्वाशे वर्षं जुनं आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह १८९५ मध्ये सुरू झालं आणि बोलणाऱ्याचा एक शब्द कळेना. एकदा काढलेला आवाज साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्याने वक्ता बदलला नाही. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्रीच्या वेळी आणून त्या सभागृहात मांडल्या आणि दर खेपेला आवाज किती लवकर विरतो ते मोजलं. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही सभागृहं बांधताना वापरतात. आपल्या १६ बाय १० च्या रिकाम्या, गुळगुळीत हॉलला ते लावलं तर आवाज विरायला दोन सेकंदांच्या जवळपास लागतात. घरात गाणं ऐकायला अर्धा सेकंद पुष्कळ झाला. जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, एका भिंतीवर गोधडी, पुस्तकांचं उघडं कपाट, शिवाय चार माणसं बसलेली, एवढ्यावर तोच हॉल अर्ध्या-पाऊण सेकंदावर येतो. गाण्याचे शब्द सुटे होतात, तबल्याची प्रत्येक थाप वेगळी ऐकू येते. हौशी माणूस ज्याला ‘पडदा दूर झाला’ म्हणतो ते इथे खरोखर घडतं, आणि गंमत अशी की ते पडदा लावल्याने घडतं.

इथवर आलं की पहिला आक्षेप ठरलेला: ‘तुमची गणितं राहू द्या, मी माझ्या कानांनी फरक ऐकलाय.’ ऐकला असेल, मी नाकारत नाही. प्रश्न एवढाच की तो फरक आला कुठून. दोन ॲम्पची व्हॉल्यूमची बटणं एकाच खुणेवर ठेवली तरी आवाजाची पातळी सारखी नसते. एक डेसिबलभर जास्त वाजणारा ॲम्प माणसाला जास्त मोठा वाटत नाही, जास्त चांगला वाटतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की पातळी वाढली की कानाला खालचे सूर तुलनेने जास्त ऐकू येतात. म्हणून जोरात वाजणारा ॲम्प ‘भरदार’ ठरतो. त्यात आवाजाची बारीक आठवण कानात काही सेकंदच टिकते. वायरी सोडून, पुन्हा जोडून, पुन्हा गाणं लावेपर्यंत ती पुसली जाते. मग तुलना होते ती दोन आवाजांची नव्हे. एका आवाजाची आणि मोजलेल्या पैशांची.

पातळी सारखी केली आणि कुठला ॲम्प वाजतोय ते झाकलं की काय होतं, याची उदाहरणं आहेत. इंग्लंडच्या क्वाड कंपनीचे तीन पिढ्यांचे ॲम्प १९७८ मध्ये अशा परीक्षेला बसले: एक जुना व्हॉल्व्हचा, दोन ट्रान्झिस्टरचे. ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात त्याचा वृत्तान्त आला. जाणत्या श्रोत्यांना ते तिन्ही एकमेकांपासून वेगळे काढता आले नाहीत. अमेरिकेच्या ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ने जानेवारी १९८७ च्या अंकात आणखी मोठी परीक्षा छापली. सुमारे २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह ॲम्पपर्यंत सहा यंत्रं, पंचवीस श्रोते, त्यांत ‘फरक असतोच’ म्हणणारे आणि ‘नसतोच’ म्हणणारे दोघेही. निकाल नाणं उडवल्यासारखा आला. फरक असतोच म्हणणाऱ्यांना नाकारणाऱ्यांपेक्षा जास्त काही ऐकू आलं नाही. डोळ्यांचा जोर किती, हे फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये स्पीकरच्या बाबतीत दाखवलं. तेच श्रोते, तेच स्पीकर. पण स्पीकर डोळ्यांना दिसू लागले की आवडीनिवडी बदलल्या. त्यातही हे श्रोते स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलेच होते.

दुसरा आक्षेप वॅटचा. ‘माझा ॲम्प चाळीस वॅटचा, त्याचा शंभरचा. त्याच्यात दम आहे.’ दमाचं गणित असं. नेहमीचा घरगुती स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. दोन स्पीकर वाजतायत आणि माणूस तीन मीटरवर बसलाय, हे धरलं तर एका वॅटला कानाशी ८० ते ८५ डेसिबल पडतात. एवढ्या आवाजात शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. म्हणजे तुमचा चाळीस वॅटचा ॲम्प दिवसभर अर्ध्या-एक वॅटवर गाणं म्हणत असतो. तबल्याची थाप, ढोलकीचा कडाका हे क्षण सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर उडी घेतात, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. अर्ध्या वॅटचे पन्नास झाले. म्हणून खऱ्या चाळीस-पन्नास वॅटची गरज मला मान्य आहे. त्यापुढे मात्र वॅटची उडी फार महाग पडते. पन्नासाचे शंभर केले की मिळतात ३ डेसिबल, कानाला जेमतेम जाणवतील एवढे. आवाज दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. संध्याकाळी लाइट कमी होतात ही तक्रारही वॅटच्या खात्यात घालतात. २३० चं व्होल्टेज १८० वर घसरलं तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पची कमाल शक्ती साठ टक्क्यांवर येते, हे खरं. पण डेसिबलमध्ये तो तोटा दोनाचाच आहे.

शिवाय ‘खऱ्या’ वॅटवर मी जोर देतो त्याला कारण आहे. आपल्या बाजारात वॅट ही छपाईची वस्तू झाली आहे. होम थिएटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत २००० वॅट पीएमपीओ, आणि सेट उलटा केला की मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: वीज खातो ३० वॅट. तीस वॅट खाणारा दोन हजार वॅट ओकतो म्हणे! असल्या जाहिरातींना वैतागून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७४ मध्येच वॅट कसे मोजायचे याचा नियम केला. आपल्याकडे गिऱ्हाइकाने आरएमएस, म्हणजे सलग देता येणाऱ्या खऱ्या शक्तीचा, आकडा विचारला तरच दुकानदार तो शोधायला लागतो. चिनी क्लास-डी बोर्डांचीही हीच कथा. टीपीए ३११६ आयसीचा ‘शंभर वॅट’चा बोर्ड मागवून तो १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर लावला, तर ८ ओहमच्या स्पीकरला तो चॅनलला नऊ वॅटच्या आसपासच देऊ शकतो. आवाज फाटणारच. इथे सुधारणा हवी आहे, पण ती अडॅप्टरची. बोर्डावरचे कपॅसिटर झेपणारे असतील तर २४ व्होल्टचा अडॅप्टर लावा. शक्ती चौपट होते, ॲम्प तोच राहतो.

तिसरा आक्षेप व्हॉल्व्हवाल्यांचा. व्हॉल्व्हचा आवाज ‘उबदार’, ट्रान्झिस्टरचा ‘कोरडा’. इथे मी वाद घालत नाही, कारण फरक ऐकू येऊ शकतो. पण तो का येतो ते बघा. व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा अंतर्गत विरोध, पुष्कळदा दोन ओहमच्या घरात असतो. स्पीकरचा इम्पीडन्स मात्र खोक्यावर आठ ओहम लिहिलेला असला तरी सुरागणिक पाचपासून तीसपर्यंत फिरतो. या दोन गोष्टींची गाठ पडली की काही सूर दुसऱ्या सुरांपेक्षा जवळजवळ अडीच डेसिबल वर येतात. साध्या शब्दांत, ॲम्पने न विचारता टोन कंट्रोल फिरवला. तो आवडत असेल तर जरूर ऐका; आवडीला कोण आडवं येणार? पण त्याला ‘मूळच्या जवळचा आवाज’ म्हणू नका. बॉब कार्व्हर या अमेरिकी डिझायनरने १९८५ मध्ये हेच करून दाखवलं. ‘स्टीरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांनी कॉनराड-जॉन्सनचा महागडा व्हॉल्व्ह ॲम्प पुढे ठेवला, आणि कार्व्हरने आपल्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये बदल करत त्याचा आवाज असा हुबेहूब उतरवला की खुद्द संपादकांना दोन्हींतला फरक सांगता येईना. जी गोष्ट मोजून उतरवता येते तिच्याभोवती गूढ उरत नाही.

डॅम्पिंग फॅक्टर, म्हणजे स्पीकरचा विरोध ॲम्पच्या अंतर्गत विरोधाच्या किती पट आहे तो आकडा, त्यालाही हाच न्याय. ५० चा ५०० झाला म्हणून बेस ‘घट्ट’ होत नाही. आठ ओहमच्या हिशेबात त्याचा अर्थ ॲम्पचा अंतर्गत विरोध ०.१६ वरून ०.०१६ ओहमवर आला, एवढाच. स्पीकरच्या कॉइलचा स्वतःचा विरोधच सहा ओहमच्या आसपास असतो, त्यात हा फरक कुठल्या कुठे बुडून जातो. बेस खरंच सैल करायचा असेल तर दिव्याची अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर दहा मीटर ओढून स्पीकरला जोडा; जाऊन-येऊन पाऊण ओहम साखळीत घुसतो, पन्नास हजारांच्या ॲम्पचा डॅम्पिंग फॅक्टर तिथेच संपतो. दीड-अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर इलेक्ट्रिकलच्या दुकानात मीटरवर मिळते. तेवढी पुरे, चांदीचा मुलामा नको.

चौथा आक्षेप सगळ्यात चतुर आहे: ‘संगीत मोजून कळत नाही, आणि डोळे बांधून परीक्षा घेतली की माणसावर ताण येतो.’ पहिल्या अर्ध्याशी मी पूर्ण सहमत. मारव्यातला कोमल रिषभ अंगावर काटा का आणतो ते कुठल्याही मीटरवर दिसणार नाही. पण ॲम्प मारवा गात नाही. त्याच्या एका टोकाला विजेचा दाब येतो आणि दुसऱ्या टोकाने मोठा होऊन बाहेर पडतो. कलेचं गूढ यंत्राच्या खात्यात जमा करणं म्हणजे गाणाऱ्याच्या रियाजाचं श्रेय पेटाऱ्याला देणं. आणि ताणाचं म्हणाल तर परीक्षा महिनाभर चालवा की. आपल्याच घरी, आपल्याच सोफ्यावर, हवं तेव्हा, हवं ते गाणं लावून. अट एकच, कुठला ॲम्प जोडलाय ते झाकलेलं हवं. जो फरक ‘आकाशपाताळाचा’ असतो आणि बायकोलाही स्वयंपाकघरातून ऐकू येतो असं सांगितलं जातं, तो एक फडकं टाकल्याबरोबर दडून कसा बसतो, याचं उत्तर ताणाच्या सिद्धान्ताकडे नाही.

आता प्रतिपक्षाचं जे खरं आहे ते त्याच्या पदरात टाकतो. हव्या त्या पातळीला आवाज फाटत असेल तर ॲम्प अपुरा आहे. बदला, किंवा जास्त संवेदनशील स्पीकर घ्या. ९० डेसिबलचा स्पीकर ८७ च्या स्पीकरला निम्म्या वॅटमध्ये गाठतो. चार ओहमचे स्पीकर असतील आणि ॲम्प तापून बंद पडत असेल तर तो त्यांच्या कामाचा नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या सेटमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकतात, रिलेचे काँटॅक्ट काळे पडतात, व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होते, एक चॅनल ये-जा करतो. असा सेट काढून नवा लावला की आवाज उघडतोच, यात नवल नाही. आजारी ॲम्पच्या जागी निरोगी आला. पण तिथेही आधी गावातल्या रिपेअरवाल्याच्या टेबलावर न्यावा. कपॅसिटर बदलून, रिले साफ करून, बटणात क्लीनर मारून तो सेट पुन्हा त्याच्या जुन्या आकड्यांवर येतो, आणि त्याला नव्या सेटच्या किमतीचा लहानसा हिस्सा लागतो.

घरघर ऐकू येते म्हणून ॲम्प बदलणारेही बरेच. ती घरघर पुष्कळदा अर्थिंगची असते, नाहीतर सेटटॉप बॉक्सच्या केबलमधून येते. ती केबल काढल्यावर घरघर थांबली तर चोर सापडला. नवा ॲम्प आणून त्याच केबलला जोडला की तीच घरघर नव्या खोक्यातून येणार.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. सोबत मायक्रोफोन येणारे काही रिसीव्हर खोली मोजतात आणि फुगलेले सूर स्वतःच खाली आणतात. असा रिसीव्हर घेतल्यावर आवाज खरोखर सुधारतो. पण तिथे सुधारलं काय? खोलीचा इलाज झाला. ॲम्पचा भाग त्यात जुन्याच दर्जाचा असला तरी निकाल तोच लागतो. माझ्या म्हणण्याला यापेक्षा बळकट साक्षीदार मी शोधूनही मिळाला नसता.

मग ॲम्पची ही श्रद्धा एवढी टिकते कशी? तिच्यात सगळ्यांची सोय आहे. दुकानदाराला ॲम्प विकता येतो. सोफा चार फूट पुढे ओढायचा सल्ला त्याला विकता येत नाही. हौशी माणसाला खोकं उघडण्याचा आनंद मिळतो. भिंतीवर गोधडी टांगायची म्हटलं तर घरात आधी वाद होतो. ॲम्प बदलला की हॉल तसाच राहतो, शोकेस तशीच राहते, काही हलवावं लागत नाही. कष्ट टाळायची किंमत माणूस आनंदाने मोजतो आणि त्या किमतीला ‘अपग्रेड’ म्हणतो. पैसे ज्याचे त्याचे, त्याने ते कशावरही उडवावेत. माझं भांडण सल्ल्याशी आहे. पहिल्या पगारातून गाण्याची हौस करणाऱ्या पोराला ‘आधी ॲम्प बदल’ असं सांगितलं जातं, तेव्हा त्याचा बोनस चुकीच्या खात्यात जातो.

त्याला मी क्रम देईन तो असा. स्पीकर शोकेसमधून बाहेर काढ, दोन्ही एका उंचीवर, कानाच्या रेषेत, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ठेव. तुझी बैठक मागच्या भिंतीवरून हलव. पडदे, सतरंजी, गोधडी. मग वायर. मग उरलेले सगळे पैसे चांगल्या स्पीकरवर. ॲम्पचा नंबर सगळ्यात शेवटी, तोही आवाज फाटत असेल तरच.

आणि तरीही कुणी ‘ॲम्पनेच जादू केली’ म्हणाला, तर पुराव्याचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवावं. दोन्ही ॲम्प एका चेंजओव्हर स्विचमधून त्याच स्पीकरला जोडा. दोन्हींचे आउटपुट एकमेकांना चिकटू देऊ नका, नाहीतर परीक्षेआधीच एक जळेल. २०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरा आणि दोन्हींचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत सारखं करा. स्विच त्याच्या पाठीमागे कुणीतरी नाणं उडवून फिरवावा. सोळा वेळा विचारा. नुसत्या नशिबाने सोळापैकी बारा बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे, तेव्हा बारा बरोबर आले तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला मी तयार आहे. दुकानदारालाही हेच सांगा, पैसे मोजण्याआधी. तो हो म्हणाला तर ऐका आणि ठरवा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच. त्यासाठी कानही लागले नाहीत.